अर्धा गुण

स्पर्धेतला डाव संपला की दोन्ही खेळाडूंनी निकालाच्या चिठ्ठीवर सह्या करायच्या आणि ती पंचाच्या टेबलावर आणून द्यायची, अशी रीत आहे. जिंकलेलं पोर चिठ्ठी घेऊन जवळजवळ पळत येतं. हरलेलं सही करतं आणि खाली मान घालून बाहेर पडतं. बरोबरी झाली असेल तर दोघं सोबत येतात, बऱ्याचदा अजून त्याच डावाबद्दल बोलत. त्यांच्या मागोमाग एखादे वडील दारातूनच विचारतात, "सर, नुसता ड्रॉ?"

मी जळगावात शाळेत गणित शिकवतो आणि दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्ट्यांत बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच म्हणून जातो. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, कधी शहादा. सगळीकडे हा प्रश्न कानावर येतो. वर्तमानपत्राला बातमी देतानाही आधी विजेत्यांची नावं जातात. बरोबरीत सुटलेल्या डावांची ओळ बातमीच्या शेवटी असते आणि जागा कमी पडली की तीच पहिल्यांदा कापली जाते. पण पंच म्हणून ज्या पटांजवळ मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो आणि ज्यांच्यामुळे मला नियमांचं मर्म कळलं, ते बहुतेक डाव बरोबरीत सुटलेले आहेत. त्यांतल्या एका डावाबद्दल मला लिहायचं आहे. तो खेळणारे दोघंही साधे, क्लबात खेळणारे खेळाडू होते. एक धुळ्याचे, एक जळगावची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बुद्धिबळात पंचाला काम तरी काय असणार? काम सकाळपासून असतं. पेअरिंगचा कागद भिंतीवर चिकटवायचा, त्याच्याभोवतीची गर्दी पांगवायची, मोबाइल जमा करून घ्यायचे, प्रत्येक घड्याळ तपासायचं. आमच्याकडच्या क्लासिकल स्पर्धेत बहुधा ९० मिनिटं आणि दर चालीला वाढीव ३० सेकंद अशी वेळ असते. डाव सुरू झाले की मोहऱ्याला हात लागला की नाही यावरून भांडणं सुरू होतात, कुणी शहात असताना भलतीच चाल खेळतं, कुणी स्कोअरशीट लिहायचंच विसरतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा कूलरची दिशा हाही पंचाचाच विषय असतो. एका बाजूला वारा जास्त लागला की कागद उडतात आणि दुसऱ्या बाजूची पोरं घामानं ओली होतात.

पण या कामाचा सगळ्यात नाजूक भाग बरोबरीचा आहे. जिंकण्या-हरण्याचं नियमांच्या पुस्तकात थोडक्यात आटोपतं. मात झाली, कुणी हार मानली किंवा वेळ संपला. बरोबरीसाठी मात्र एक अख्खं कलम आहे, नववं. दोघांची संमती हा एक मार्ग. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर खेळाडू दावा करू शकतो. एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरं मारलं गेलं नाही अशा ५० चाली दोघांच्या झाल्या, तरी दावा करता येतो. तीच स्थिती पाचव्यांदा आली किंवा अशा ७५ चाली झाल्या, तर कुणी मागो न मागो, पंचानं स्वतः डाव थांबवायचा. शह नसताना राजाला आणि बाकीच्या मोहऱ्यांनाही हलायला जागा उरली नाही तर कोंडी, म्हणजे बरोबरी. कुणाकडूनच मात होणं शक्य नाही इतकी मोहरी कमी झाली, तरी बरोबरी. यातलं प्रत्येक वाक्य जगात कुठेतरी, कुठल्या तरी पटावर झालेल्या वादातून आलं आहे, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं.

आमच्या जळगावानं मोठं बुद्धिबळ पाहिलेलं आहे. २०१३ ची राष्ट्रीय प्रीमियर स्पर्धा इथेच झाली आणि ग्रँडमास्टर कृष्णन शशिकिरण ती जिंकला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा देशभरातली एवढी एवढी पोरं आईबापांचा हात धरून शहरात आली होती. अशा स्पर्धांच्या बातम्या होतात, फोटो छापून येतात. पण खानदेशात या खेळाला धरून ठेवणारी माणसं वेगळी आहेत. बँकेतून सुटल्यावर पट मांडणारे, मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर कोडी सोडवणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतःच्या पैशानं चार पट आणून ठेवणारे मास्तर. त्यांचं रेटिंग चौदाशे, सोळाशे, फार तर अठराशे असतं. त्यांच्याशिवाय कुठलीही स्पर्धा भरत नाही, कारण प्रवेश फीच्या पावत्या त्यांच्याच असतात.

धुळ्याचे नाना त्यांतले एक. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. सगळे त्यांना नानाच म्हणतात. पोस्टातून निवृत्त झालेले, देवपुरात राहणारे, पांढरा शर्ट आणि खिशात दोन बॉलपेन. एक संपलं तर दुसरं हवं, कारण स्कोअरशीट अर्धवट राहिलेलं त्यांना खपत नाही. त्या मे महिन्यात आमच्याकडे क्लासिकल रेटिंग स्पर्धा होती आणि दिवसाला दोन फेऱ्या होत्या. नाना रोज पहाटेच्या एसटीनं पारोळा, एरंडोल करत जळगावला यायचे आणि रात्रीच्या गाडीनं परत जायचे. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, तेही असल्या उन्हात. जळगावात मुक्काम का करत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "घरची गादी बरी."

त्यांच्यासमोर एका दुपारच्या फेरीत दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी आली. जळगावचीच, रविवारच्या आमच्या बुद्धिबळाच्या वर्गात कधीमधी येणारी. रेटिंग चौदाशेच्या आसपास. नानांचं सतराशे. पेअरिंगचा कागद बघून तिचे वडील म्हणाले, "आज कठीण आहे." तिनं काही उत्तर दिलं नाही. पाण्याची बाटली पटाच्या उजव्या बाजूला ठेवली आणि पांढरी मोहरी सरळ करत बसली.

डाव फ्रेंच बचावाचा झाला. तिनं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, नानांनी आपलं एक घर. दुसऱ्या चालीला दोघांची वजिरासमोरची प्यादी मध्यावर आली आणि तिसऱ्या चालीला तिनं ई-फाइलमधलं प्यादं ई-५ वर ढकललं. हे प्यादं लक्षात ठेवावं लागेल, कारण ते तिथेच उभं राहिलं. घोडे मारले गेले, उंट गेले, वजिरांची अदलाबदल झाली, बाकीच्या पटांवरची मोहरी डब्यात गेली, तरी ते ई-५ वर होतं.

मधल्या डावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोघं जपून खेळले. बत्तिसाव्या चालीच्या सुमारास नानांचा एक हिशेब चुकला आणि डी-५ चं प्यादं पडलं. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी झटकन मोहरी अदलाबदलीला घातली, एकामागून एक. प्याद्यांनी पुढे असलेल्याला मोहरी कमी झालेली आवडतात, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे मुलगीही आनंदानं घेत गेली. पण नानांच्या डोक्यात वेगळं चित्र होतं. प्याद्यांच्याही जोड्या जुळवून ते ती संपवत चालले होते. पन्नासाव्या चालीच्या आसपास पटावर पाचच मोहरी उरली. तिचा राजा, हत्ती आणि ते ई-५ चं प्यादं. नानांचा राजा आणि हत्ती.

एक हत्ती आणि एक प्यादं, समोर एकटा हत्ती. दाराशी उभ्या पालकांपैकी कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मुलगी जिंकतेय. प्याद्याला वजीर व्हायला तीनच घरं हवी होती.

पण नानांचा राजा ई-८ वर, प्याद्याच्या वाटेतच बसला होता, आणि त्यांचा हत्ती सहाव्या ओळीत आडवा फिरत होता. ए-६, जी-६, पुन्हा ए-६. ही बचावाची जुनी रीत आहे. फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकारानं ती १७७७ मध्ये आपल्या पुस्तकात दिली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. पेशवाईत सवाई माधवराव अजून लहान होते तेव्हाची ही गोष्ट. हत्ती सहाव्या ओळीत असेपर्यंत पांढऱ्या राजाला त्या ओळीत शिरता येत नाही. मग पांढऱ्यानं करायचं काय? प्यादं पुढे ढकलायचं. आणि प्यादं ई-६ वर आलं रे आलं की त्या हत्तीनं क्षणाचाही उशीर न करता पटाच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या ओळीत उतरायचं आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला लपायला त्याच्यासमोरची जागा उरलेली नसते. सगळा बचाव त्या एका क्षणावर आहे. हत्ती आधी उतरला तर राजा प्याद्यापुढे शिरतो आणि मग बचाव फार अवघड होतो. उशीर झाला तर मात होते.

नानांना हे येत होतं, हे त्यांच्या हाताकडे बघूनच कळत होतं. चाल खेळून ते हात मांडीवर ठेवायचे आणि पटाकडे न बघता घड्याळाकडे बघायचे. त्यांच्याकडे वेळ फारसा उरलेला नव्हता. दर चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवरच ते जगत होते. ३० सेकंद वाढीव असले की शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, त्यात सूट नाही. म्हणून ते चाल खेळायचे, घड्याळ दाबायचे आणि लिहायचे. मुलीकडे दहा-अकरा मिनिटं होती. तीही घाई करत नव्हती. तिचा हत्ती सातव्या ओळीत एच-७, सी-७, बी-७ असा फिरत होता. नाना एकदा तरी चुकतील, याची ती वाट बघत होती.

तेव्हा हॉलमध्ये बाकी सगळे डाव संपले होते. कूलर एक सोडून बंद केले होते. त्रेसष्टाव्या चालीला तिनं हत्ती पुन्हा एच-७ वर नेला आणि नानांनी मान वर करून मला बोलावलं.

"सर, तिसऱ्यांदा आलं. माझा दावा आहे."

मी घड्याळ थांबवलं. दोघांची स्कोअरशीट घेतली, शेजारी रिकामा पट मांडला आणि त्या दोघांच्या देखत चाली मागून पुढे तपासत गेलो. मुलीच्या कागदावर हत्तीला इंग्रजी अक्षर होतं. नानांच्या कागदावर ठळक देवनागरी ह, वजिराला व, घोड्याला घो. नियमाला ते चालतं. मोहऱ्यांची अक्षरं खेळाडूला आपल्या भाषेतली लिहिता येतात. त्यांचं अक्षर पोस्टातल्या माणसाचं, एकही चाल गाळलेली नाही, एकही खाडाखोड नाही.

तीच मोहरी त्याच घरांत तीनदा आलेली होती. नानांची नजर त्याबाबतीत बरोबर होती. पण पहिल्यांदा ती स्थिती आली ती नानांच्या अठ्ठावन्नाव्या चालीनंतर, हत्ती ए-६ वर गेल्यावर, म्हणजे खेळायची पाळी पांढऱ्याची होती. मग मुलीनं हत्ती सी-७, बी-७ करत तीन चालींत एच-७ वर परत आणला. तेवढ्यात नानांचा हत्ती दोन चालींत जी-६ ला जाऊन ए-६ ला परतला होता. त्यामुळे दुसऱ्यांदा आणि आता तिसऱ्यांदा तेच चित्र आलं, तेव्हा खेळायची पाळी काळ्याची होती. नियमाप्रमाणे मोहरी सारखी असून भागत नाही, पाळीही त्याच खेळाडूची असावी लागते. म्हणजे ती स्थिती खरी दोनदाच आली होती.

मी हे दोघांना सावकाश समजावून सांगितलं. नानांनी शेजारच्या पटावर बोट ठेवून एकदा मोजलं, मग म्हणाले, "बरोबर शे. पाळी वेगळी होती." त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती. दावा चुकला की समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची असतात, ती मी मुलीच्या घड्याळात टाकली. मग नियमातली दुसरी गोष्ट सांगितली, जी खेळाडूंना सहसा माहीत नसते. बरोबरीचा दावा केला की तो बरोबरीचा प्रस्तावही धरला जातो. दावा फेटाळला गेला तरी प्रस्ताव उभा असतो. मुलीला तो लगेच मान्य करता येईल, तोंडी नाकारता येईल किंवा आपल्या पाळीला मोहऱ्याला हात लावून नाकारता येईल.

ती काहीच बोलली नाही. मी घड्याळ सुरू केलं.

नानांनी हत्ती जी-६ वर नेला. आता तिची पाळी होती आणि प्रस्ताव तिच्यासमोर होता. त्या चुकलेल्या दाव्यानं तिला एक गोष्ट आयतीच कळली होती. नेहमीसारखा हत्ती बी-७ ला नेऊन परत एच-७ वर आणला, तर या वेळी ती स्थिती खऱ्या अर्थानं तिसऱ्यांदा येणार आणि डाव संपणार. म्हणजे वाट बघत बसण्याचा खेळ आता संपला होता. तिच्याकडे वेळ होता आणि तिनं तो वापरला. मी पंचाच्या टेबलाकडे परत गेलो नाही. चार पावलांवर भिंतीला टेकून उभा राहिलो. तिचे वडील दाराच्या काचेतून बघत होते. मुलगी कधी प्याद्याकडे, कधी नानांच्या राजाकडे बघत होती. एकदा तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले, उगीच हात मोहऱ्याकडे जाऊ नये म्हणून. आमच्या वर्गात मुलांना मी हेच सांगतो, आणि तिला तसं करताना बघून मला फार बरं वाटलं.

चौसष्टाव्या चालीला तिनं ते प्यादं ई-६ वर ढकललं. तिसऱ्या चालीपासून एकाच घरात उभं असलेलं प्यादं हललं.

नानांनी हत्ती उचलला आणि जी-१ वर ठेवला. तेवढी एकच चाल त्यांनी घड्याळाकडे न बघता खेळली.

पुढचं सगळं शहांचं होतं. तिचा राजा डी-६ वर आला, पुढच्याच चालीत एच-८ वर मात होती. पण नानांनी डी-१ वरून शह दिला. राजा ई-५, शह ई-१. राजा एफ-६, शह एफ-१. पुन्हा ई-५, पुन्हा ई-१. पटावर कुठेही आडोसा नव्हता. प्याद्याला सोडून राजा दूर गेला तर प्यादं मरणार, जवळ राहिला तर शह चुकणार नाही. एकोणसत्तराव्या चालीला तिनं राजा डी-५ वर नेला, हात मोहऱ्यावरून काढला आणि घड्याळ दाबायच्या आधी, अगदी नियमात सांगितलं आहे तसं, म्हणाली, "काका, ड्रॉ?" मग घड्याळ दाबलं आणि स्कोअरशीटवर चालीपुढे बरोबरीचं चिन्ह लिहिलं.

नानांनी आधी स्वतःच्या कागदावर तिची चाल लिहिली, त्यापुढे तेच चिन्ह काढलं आणि मग हात पुढे केला.

चिठ्ठीवर अर्धा-अर्धा लिहून दोघांनी सह्या केल्या. वडील आत आले आणि मला वाटलंच होतं तसं म्हणाले, "जिंकत होती ना ती?" मी त्यांना पटाशी बसवलं. मुलीनंच मोहरी मांडली आणि नानांनी दाखवलं की हत्ती एक चाल आधी खाली आला असता तर काय झालं असतं. मग मुलीनं दाखवलं की तिनं प्यादं ढकललं नसतं तर तिसऱ्यांदा तेच झालं असतं. वडील खेळणारे नव्हते, पण ते बघत राहिले. दोन पावलं मागं सरून नाना मला म्हणाले, "पोरगी भारी शे, सर. प्रस्ताव समोर होता, तरी तिनं आधी खेळून बघितलं." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी त्या स्पर्धेत ऐकलं नाही.

गणिताचा मास्तर म्हणून रेटिंगचाही हिशेब सांगतो, कारण बरोबरी म्हणजे दोघांना सारखं, असा अनेकांचा समज आहे. दोघांमध्ये तीनशेचा फरक धरला, तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या तक्त्याप्रमाणे मोठ्या रेटिंगवाल्याकडून शंभर डावांत ८५ गुणांची अपेक्षा असते आणि लहान रेटिंगवाल्याकडून १५. म्हणजे एका डावात तिच्याकडून ०.१५ ची अपेक्षा होती आणि तिनं ०.५ मिळवले. फरक ०.३५. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा गुणक ४०, म्हणून तिला १४ गुण मिळाले. नानांचा गुणक २०, त्यांचे ७ गेले. एकाच चिठ्ठीवरचा अर्धा गुण एकाला वर नेतो आणि दुसऱ्याला खाली. तरीही खाली गेलेले नाना त्या संध्याकाळी खूश होते, कारण हरलेला डाव त्यांनी वाचवला होता. वर गेलेली मुलगी चिडलेली होती, कारण जिंकता येईल असं तिला वाटत होतं. मला दोघांचंही बरोबर वाटतं.

हे खरं की सगळ्या बरोबऱ्या अशा नसतात. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन-तीन पटांवर आठ-दहा चालींत हात मिळवले जातात, कारण अर्धा-अर्धा गुण मिळाला की दोघांची बक्षिसं पक्की होतात. संमतीनं बरोबरी करायचा खेळाडूंना हक्क आहे आणि स्पर्धेच्या नियमात वेगळी अट नसेल तर पंच त्यात काही बोलू शकत नाही. २००५ मध्ये बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंना आपसात बरोबरी मागायलाच बंदी घातली, तेव्हापासून जगभर असे नियम येत गेले. तीस चालींच्या आत बरोबरी नाही, ही अट आता पुष्कळ ठिकाणी दिसते. मी आयोजकांना ती घालायचा आग्रह करतो. मी चिडतो ते न खेळता उठण्यावर. प्रवेश फी भरून, उन्हातून लांबून आलेली पोरं त्या पहिल्या पटाभोवती बघायला उभी असतात. समोर पाच मिनिटांत पट रिकामा होतो आणि त्यांना काहीच मिळत नाही.

पण त्या डावांमुळे सगळ्या बरोबऱ्यांना एकच रंग लागतो, हे मला सहन होत नाही. कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह यांचा १९८४ चा सामना पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. ४८ डावांतले ४० बरोबरीत सुटले आणि शेवटी निकालाशिवाय तो थांबवावा लागला. पण शून्य विरुद्ध पाच अशा पिछाडीवर असलेला तरुण कास्पारोव्ह त्या बरोबऱ्यांच्या आधारानंच टिकला. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि करुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण तर ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्ध तिचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. तिनं जलद डावात हंपीला हरवलं आणि ती ग्रँडमास्टर झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आधीच्या त्या दोन डावांत ती हरली असती तर तो जलद डाव आलाच नसता. आमच्या वर्गातल्या मुलींनी दिव्याचे फोटो वहीवर चिकटवले आहेत. मी त्यांच्याकडून ते दोन बरोबरीचे डावही पटावर मांडून घेतले.

त्या संध्याकाळी नानांची नेहमीची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही बसस्थानकावर बसलो. ते सांगत होते की त्यांच्या लहानपणी घरी देशी पद्धतीनं खेळत, त्यात एकाची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की डाव बरोबरीत धरायचे, त्याला बुर्जी म्हणायचे. नुसता राजा उरेपर्यंत हाणामारी करून मात द्यायची नाही, मोहरी शिल्लक ठेवून मात द्यायची, त्यातही प्याद्यानं दिली तर जास्त मान. आंतरराष्ट्रीय नियम ते नोकरीला लागल्यावर शिकले. हत्तीचा तो बचाव त्यांनी एका मित्राबरोबर देवपुरात ओट्यावर बसून घोटला होता. एकानं प्यादं घेऊन जिंकायचा प्रयत्न करायचा, दुसऱ्यानं वाचवायचं. मग बाजू बदलायची. "पुस्तकात वाचून नाही जमत ते," ते म्हणाले. "समोर माणूस लागतो, प्यादं घेऊन बसलेला."

तेव्हापासून आमच्या रविवारच्या वर्गात मी तोच प्रकार लावला आहे. नानांच्या आणि त्या मुलीच्या डावातली अठ्ठावन्नाव्या चालीनंतरची स्थिती फळ्यावर मांडतो, घड्याळात प्रत्येकी पाच मिनिटं लावतो आणि जोड्या पाडतो. प्याद्याची बाजू खेळणाऱ्याला सांगतो की तू जिंकायचं. हत्तीची बाजू खेळणाऱ्याला सांगतो की तू हरायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मी पोरं हत्ती लवकर खाली आणतात, काही जण प्यादं ई-६ वर आल्यावरही तो सहाव्या ओळीतच फिरवत बसतात. हळूहळू जमायला लागतं. ती मुलगी आता अकरावीत आहे आणि वर्गाला येते तेव्हा लहान मुलांसमोर प्यादं घेऊन बसते. नानांविरुद्ध तिला पुन्हा खेळायचं आहे, काळी मोहरी घेऊन.

आयोजकांशी माझं एक बोलणं सुरू आहे. सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू, सर्वोत्कृष्ट ज्येष्ठ, गावातला सर्वोत्कृष्ट अशी बक्षिसं आपल्या स्पर्धांत असतात. त्यात एक बक्षीस बरोबरीत सुटलेल्या सर्वोत्तम डावाला ठेवा, रक्कम दोघांत वाटून द्या. डाव चाळीस चालींच्या पुढे गेलेला असावा, दोघांची स्कोअरशीट पूर्ण आणि वाचता येतील अशी असावीत, आणि निवड करणाऱ्यांनी तो डाव सगळ्यांसमोर पटावर मांडून दाखवावा. धुळ्याच्या एका आयोजकांनी होकार दिला आहे. ट्रॉफी की रोख, एवढंच ठरायचं आहे. मी म्हटलं, दोन चांगली घड्याळं द्या, एकेकाला एक.